पूर्णतेची इंग्रजी क्रियाविशेषणे आणि देवळालीचा ताप

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पने इंग्रजी भाषेला एक विशेषण दिले आहे. ब्रिटिश अमदानीत नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी जाणारे जहाज मिळेपर्यंत येथील छावणीत ठेवले जाई. जहाजांचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यातला असल्यामुळे अनेकांचे महिने रिकामपणात जात, आणि उकाडा, कंटाळा व आजार यांनी एखाद्याचे डोके फिरले की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असे सोबती म्हणत. ‘डूलॅली’ हा देवळालीचाच सैनिकी उच्चार, तर ‘टॅप’ म्हणजे ताप. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि उरलेल्या शब्दाला ‘वेडा’ हा अर्थ चिकटला.

या विशेषणाआधी इंग्रज माणूस ‘कम्प्लीटली’ किंवा ‘टोटली’ लावतो, ‘फुली’ मात्र सहसा लावत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शब्दकोशात ही सारी क्रियाविशेषणे ‘पूर्णपणे’ या एकाच अर्थाखाली येतात. वापरात प्रत्येकाची सोयरीक ठरलेली असते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात त्यांचा कमाल मर्यादा दाखवणारा स्वतंत्र गट केला आहे, आणि त्याआधी १९७० मध्ये ग्रीनबॉम यांनी अपुरी वाक्ये इंग्रजी भाषकांकडून पुरी करून घेतली, तेव्हा ‘एन्टायरली’पुढे प्रामुख्याने सहमतीचे, तर ‘कम्प्लीटली’पुढे विसरण्याचे क्रियापद आले. ‘अटर्ली’ बहुधा हास्यास्पद, निरुपयोगी अशा नकोशा गोष्टींकडे झुकते. ‘थरोली’मध्ये काम शेवटपर्यंत कसून केल्याचा भाव असतो, म्हणून हात धुण्याला ते शोभते. ‘क्वाइट’ सर्वांत फसवे, कारण ‘अशक्य’च्या आधी ते ‘अगदी’ असा अर्थ देते आणि ‘चांगला’च्या आधी, विशेषतः ब्रिटिश वापरात, ‘बऱ्यापैकी’ एवढाच. नकाराची जागाही जपावी लागते: ‘पूर्णपणे असहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत नाही’ यांत, मराठीप्रमाणेच इंग्रजीतही, मोठे अंतर आहे.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपण साफ विसरतो, पुरते फसतो, सपशेल हरतो. माणूस ठार वेडा किंवा ठार बहिरा असतो, पण ठार शहाणा कधीच नसतो, आणि हे कोणत्याही शाळेत शिकवावे लागत नाही. इंग्रजीच्या वर्गात मात्र या क्रियाविशेषणांची समानार्थी यादी पाठ करून घेतली जाते, ती पद्धत सदोष आहे. शिक्षकांनी प्रत्येक क्रियाविशेषण त्याच्या जोडीच्या शब्दासहच फळ्यावर लिहावे.