कॅल्क्युलेटरच्या पडद्यामागे दिवा लावायचा तर आधी आरसा काढावा लागतो

ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या पडद्याला घरच्या घरी बॅकलाइट बसवता येतो का? येतो. दोन पांढरे एलईडी, दोन रेझिस्टर, पोलरायझरची फिल्म आणि मोडक्या कीपॅड फोनमधली एक प्लास्टिकची पट्टी एवढ्यात काम भागतं. पण पडद्यामागे नुसता एलईडी चिकटवला, तर ढिम्म काही दिसत नाही. तसं का होतं हे कळलं की एलसीडीचं निम्मं विज्ञान कळलं. म्हणून आज तोच विषय.

आपल्याकडे बहुतेक परीक्षांत प्रोग्रॅम साठवणारा कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या दप्तरात असतो तो कॅसिओचा एफएक्स-९९१. आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटरही कॅसिओचाच, १९८५ चा एफएक्स-७०००जी. अमेरिकेत मात्र हे यंत्र शाळेतच घ्यावं लागतं. तिकडच्या मराठी घरांतली मुलं कॉलेजात गेली की ते कपाटात पडून राहतं आणि एखाद्या सुट्टीत कुणाच्या तरी बॅगेतून इकडे येतं. माझ्याकडचा टीआय-८३ प्लस असाच न्यू जर्सीहून जांभूळला आला. पडदा ९६ × ६४ ठिपक्यांचा, आत चार बारीक पेन्सिल सेल. दिवसा झकास चालतो. पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली, की मात्र हातात नुसती बटणं उरतात.

पडदा स्वतः उजेड देतच नाही

या पडद्याची रचना सँडविचसारखी असते. वर एक पोलरायझर, मग दोन काचा आणि त्यांच्यामध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर, खाली दुसरा पोलरायझर, आणि सगळ्यात मागे एक चंदेरी थर. हा चंदेरी थर म्हणजे आरसाच, फक्त थोडा खरखरीत.

पोलरायझर म्हणजे गज असलेली खिडकी समजा. प्रकाशाची लहर एका ठरावीक दिशेने थरथरत असेल तरच ती आरपार जाते. द्रव स्फटिकाचे लांबट रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे थोडे थोडे वळत गेलेले असतात आणि लहरीची दिशाही आपल्याबरोबर वळवतात. त्यामुळे ती खालच्या पोलरायझरमधूनही निसटते, आरशावर आपटते आणि आल्या वाटेने परत येते. तो ठिपका आपल्याला फिकट दिसतो. ठिपक्याला व्होल्टेज दिलं की रेणू उभे राहतात, वळण मोडतं, प्रकाश खालच्या पोलरायझरमध्ये अडकतो आणि ठिपका काळा दिसतो.

द्रव स्फटिक पहिल्यांदा पाहिला तो १८८८ मध्ये फ्रीडरिश रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्याच्या पदार्थाला दोन वितळणबिंदू होते, एक १४५.५ अंश सेल्सिअसला आणि दुसरा १७८.५ ला. भारतातही या विषयावर मोठं काम झालं आहे. लांबट नव्हे तर चकतीसारख्या रेणूंचेही द्रव स्फटिक बनतात, हे १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

तर मुद्दा हा, की काळं-पांढरं करण्यापुरतीच वीज पडदा खातो. उजेड तो बाहेरून उसना घेतो. भर उन्हात साधारण १ लाख लक्स प्रकाश असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते तीनशे. दोन्हीकडे पडदा दिसतो, कारण येणारा प्रकाश तो फक्त परत पाठवतो. अंधारात परत पाठवायला काहीच नसतं.

आणि मागे लावलेला एलईडी का चालत नाही, तेही यातच आलं. त्याचा प्रकाश आरशाच्या पाठीवर आपटून तिथेच थांबतो.

मग करायचं काय

आरसा काढायचा. अडचण अशी, की तो बहुधा खालच्या पोलरायझरलाच चिकटवलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकदमच निघतात. म्हणून नवा पोलरायझर लागतो. खराब एलसीडीवरून तो सोलून घेता येतो किंवा सुटी फिल्म विकत मिळते. एलईडी आणि रेझिस्टरसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. अंबरनाथहून निघालात तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. प्लास्टिकची पट्टी मात्र मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात भंगारात सापडते. कीपॅड फोनच्या पडद्यामागे ॲक्रिलिकची पातळ पट्टी आणि वर दुधी कागदासारख्या फिल्म असतात. कडेने सोडलेला प्रकाश त्या पूर्ण पट्टीभर सारखा पसरवतात. फूटपट्टी घेऊन जा. पट्टी लहान पडली तर पडद्याची कड अंधारी राहते.

आता क्रम. आधी रॅममधले प्रोग्रॅम आर्काइव्हमध्ये हलवा, मग सगळे सेल काढा. मागचं झाकण उघडा. काच सर्किटला नाजूक पट्टीने जोडलेली असते, ती दुमडू देऊ नका. ती तुटली तर पडद्याच्या ओळी कायमच्या जातात. चंदेरी थराचा एक कोपरा ब्लेडने उचला आणि काचेला अगदी समांतर ठेवून सावकाश सोला. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आता नवा पोलरायझर. पुस्तकात लिहिलेलं असतं, की दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात. साध्या कॅल्क्युलेटरमध्ये रेणूंचं वळण ९० अंशांचं असतं, तिथे हे जुळतं. पण ६४ ओळी पाळीपाळीने चालवायच्या तर त्या वळणाला पुरेसा काळेपणा येत नाही. म्हणून अशा पडद्यांत वळण १८० ते २७० अंशांपर्यंत वाढवतात, आणि मग काटकोनाचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तेव्हा कोन मोजत बसू नका. कॅल्क्युलेटर चालू करा, मागून टॉर्च धरा आणि फिल्म हळूहळू फिरवा. अक्षरं सगळ्यात ठळक दिसतील तिथे खूण करून त्या मापाने कापा. तिथून फिल्म आणखी ९० अंश फिरवली तर चित्र उलटं होतं, म्हणजे गडद पडद्यावर उजळ अक्षरं. कुणाला तेच आवडतं.

विजेचा हिशेब

चार सेल म्हणजे ६ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. उरलेले ३ व्होल्ट ६८० ओहमच्या रेझिस्टरवर टाकले, तर प्रवाह येतो ३ ÷ ६८० म्हणजे ४.४ मिलिअँपिअर. पट्टीच्या कडेला दोन एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर, मिळून साधारण ९. बारीक अल्कलाइन सेलची क्षमता १००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास धरली, तर नुसता दिवाच ११० तासांत सेल संपवेल. म्हणून दिव्याला वेगळा बारका स्विच हवाच. कॅल्क्युलेटर वापरला नाही तर काही मिनिटांत आपोआप बंद होतो, दिवा होत नाही. चालू राहिला तर पाच दिवसांच्या आत सेल रिकामे.

रिचार्जेबल सेल वापरत असाल तर चार मिळून ४.८ व्होल्टच होतात. मग त्याच रेझिस्टरमधून प्रत्येक एलईडीला २.६ मिलिअँपिअर मिळतात. उजेड थोडा मंद, पण अंधाऱ्या खोलीत वाचायला पुरतो.

काय गमावतो

उन्हातला पडदा. चंदेरी आरसा लहरीची दिशा न बिघडवता प्रकाश परत पाठवत होता. दुधी फिल्म दिशा विस्कटून टाकते, त्यामुळे परतणाऱ्या प्रकाशातला निम्म्याहून जास्त भाग पोलरायझर अडवतो. दिवा बंद असेल तर खिडकीजवळही पडदा काळपट दिसतो. दोन्ही हवं असेल तर अर्धा आरसा, अर्धी काच अशी फिल्म लागते. दिवा असलेल्या डिजिटल घड्याळांत ती असते, आणि तिथेही दोन्हीकडे थोडी तडजोड असतेच.

म्हणून माझं मत सांगतो. यंत्र रोजच्या अभ्यासाचं किंवा परीक्षेचं असेल तर सोलू नका. टेबल लॅम्प किंवा पुस्तकाला लावायचा क्लिपचा दिवा घ्या. कपाटात पडून असलेलं असेल तर जरूर करा. त्या चंदेरी थरामुळे चार सेल महिनोन्‌महिने पुरत होते, हे तो काढल्यावर पहिल्या आठवड्यातच कळतं.

आणि काहीच उघडायचं नसेल तर एवढं करा. पोलराइज्ड गॉगल घ्या, त्यातून कुठल्याही कॅल्क्युलेटरकडे बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनात पूर्ण पडदा काळा होईल. वरचा पोलरायझर तिथे आहे, याचा तो पुरावा. काय दिसलं ते खाली कळवा.