घासाची वाट आणि श्वासाची वाट
ल्युई-पिंडजन्य स्मृतिभ्रंशातील खोकल्याविषयी

मनुष्याच्या घशात दोन वाटा एकत्र येतात. श्वासाची हवा पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जाते. अन्नाचा घास मागच्या बाजूच्या अन्ननलिकेत उतरतो. या दोघांनाही एकाच चौकातून जावे लागत असल्यामुळे गिळण्याच्या वेळी शरीराला फार दक्ष राहावे लागते. प्रत्येक घोटाला स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वररज्जू मिटतात, अधिजिव्हा श्वासमार्गाच्या तोंडावर झाकणासारखी येते आणि श्वास क्षणभर थांबतो. एवढे करूनही एखादा कण चुकीच्या वाटेने वळलाच, तर ठसका लागतो व हवेच्या जोरदार झोताने तो कण बाहेर फेकला जातो. ठसका म्हणजे फुप्फुसांचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया होय.

वृद्धापकाळी होणाऱ्या एका विशिष्ट स्मृतिभ्रंशात ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी ढासळते. गिळणे बिघडते आणि ठसकाही दुबळा होतो. अशा रोग्याच्या खोकल्याचा अर्थ घरच्या माणसांना कळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रोगाची ओळख

म्युनिक येथे आलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रिट्झ हाइन्रिख ल्युई यांनी १९१२ साली, कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील पेशींत आढळणाऱ्या सूक्ष्म गोलकांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्यांना ल्युई-पिंड हे नाव मिळाले. १९७६ साली जपानमधील केन्जी कोसाका यांनी, हे पिंड मेंदूच्या बाह्य स्तरातही सर्वत्र पसरलेले असून रोग्यास स्मृतिभ्रंश झालेला आहे, अशा प्रकरणाचे वर्णन केले. अल्फा-सायन्युक्लिन नावाचे प्रथिन हा या पिंडांचा मुख्य घटक असल्याचे १९९७ साली निष्पन्न झाले.

या रोगात बुद्धी मंदावते. नसलेली माणसे व प्राणी स्पष्ट दिसू लागतात. अंग ताठरते व हालचाली संथ होतात. आणि सावधपणा एका दिवसातही कमीअधिक होत राहतो. सकाळी नीट बोलणारा रोगी दुपारी अर्धवट ग्लानीत असू शकतो.

गिळण्यातील बिघाड

ल्युई यांना हे गोलक ज्या भागांत दिसले, त्यांत वेगस या मज्जेचे एक केंद्र होते. घसा, स्वरयंत्र, फुप्फुसे व जठर यांच्याशी मेंदूचा संबंध जोडणारी ही मज्जा आहे. त्यातच जीभ व घशाचे स्नायू संथ झाल्यामुळे घास तोंडातच घोळत राहतो आणि घोटाची वेळ चुकते. अशा रोग्याची लाळ गळते, ती अधिक निर्माण होते म्हणून नव्हे. ती वेळच्या वेळी गिळली जात नाही म्हणून. छातीचे स्नायू ताठरल्यामुळे खोकल्याचा जोरही ओसरतो. अन्नाचे वा लाळेचे कण तोंडातील जंतूंसह फुप्फुसात उतरले, की न्यूमोनिया होण्याचे भय असते. या रोगात मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. घशाची संवेदना मंदावली, तर कण श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागतच नाही. म्हणून ठसके थांबले, आता प्रकृती सुधारली, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. गिळल्यानंतर आवाज ओला किंवा घोगरा होणे, वारंवार ताप येणे, श्वास जलद चालणे, अकस्मात गुंगी वा भ्रम वाढणे, ही खोकल्यावाचून दिसणारी लक्षणे होत. ती दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा. गिळण्याची परीक्षा बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांच्या साहाय्याने करता येते.

घरातील उपाय

ठसका लागला की पाण्याचा पेला पुढे करण्याची रीत घरोघरी आहे. या रोग्यांच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. कारण पातळ पाणी वेगाने वाहते आणि मंद झालेल्या घशाला तेच आवरणे सर्वांत अवघड जाते. रोग्यास पुढे झुकवून मनसोक्त खोकू द्यावे. मात्र आवाज फुटत नसेल, खोकताही येत नसेल, तर घास अडकला आहे असे समजावे. त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताच्या टाचेने ५ वेळा जोराने थापावे व तत्काळ मदत बोलवावी.

रोगी पूर्ण सावध असेल तेव्हाच जेवू घालावे. ठरलेली वेळ टळली तरी चालेल. ताठ बसवून लहान घास द्यावेत, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. दुधातले चुरमुरे, पातळ आमटीतला मोकळा भात असे पातळ व घट्ट यांचे मिश्रण टाळून एकजीव मऊ अन्न द्यावे. पेये दाट केल्यास ठसका कमी होतो. परंतु ती बेचव लागून रोगी पाणीच कमी पितो, म्हणून हा उपाय तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

मुखशुद्धीचे महत्त्व सर्वांत कमी ओळखले जाते. जपानमधील ११ वृद्धनिवासांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत, नियमित मुखशुद्धी होत नव्हती अशांपैकी सुमारे १९ टक्के वृद्धांस न्यूमोनिया झाला. जेवणानंतर दात व तोंड स्वच्छ केले जाई त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते. कवळीही रोज काढून धुवावी.

औषधांविषयी सावधगिरी

खोकला दाबणारे वा झोप आणणारे औषध आपल्या मनाने देऊ नये. त्याने उरलेसुरले संरक्षणही नाहीसे होते. भास शमविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी या रोग्यांत तीव्र ताठरपणा व गुंगी येऊन गिळणे आणखी बिघडू शकते. नव्या वैद्यास रोगाचे नाव आधी सांगावे, ते याकरिता. तसेच प्रत्येक खोकला या रोगाचाच असतो असेही नाही. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. आणि आपल्या देशात दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी केलीच पाहिजे.

रोग पुष्कळ वाढल्यावर नळीने अन्न देण्याचा प्रश्न उभा राहतो. नळीमुळे लाळ वा जठरातून वर येणारे अन्न फुप्फुसात जाण्याचे थांबत नाही; म्हणून अशा अवस्थेत सावकाश, जपून, हाताने भरविणेच बहुधा श्रेयस्कर मानले जाते. ल्युई-पिंड नाहीसे करणारे औषध आजही उपलब्ध नाही. परंतु घास केव्हा द्यावा, कसा द्यावा आणि केव्हा थांबावे, हे जाणणाऱ्या आप्ताच्या हाती रोग्याच्या श्वासाचे बरेचसे रक्षण असते.