समूह शाळा : प्रश्न इमारतीचा की वाटेचा?

जालना – वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून परिसरात एकच सुसज्ज समूह शाळा उभारावी, ही कल्पना राज्याच्या शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये मांडली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून तसे प्रस्ताव मागविले. विभागाच्या तेव्हाच्या आकडेवारीनुसार राज्यात अशा १४ हजार ७८३ शाळा होत्या. त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी शिकत होते आणि २९ हजार ७०७ शिक्षक शिकवीत होते. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि शिक्षकामागे जेमतेम सहा. पन्नास-साठ मुलांच्या वर्गाची सवय असलेल्या शहरी पालकाला हा हेवा वाटावा असा हिशेब आहे.

प्रत्यक्षात चित्र वेगळे असते. दोन शिक्षक आणि चार किंवा पाच इयत्ता, हे अशा शाळेचे नेहमीचे गणित. पहिलीला मुळाक्षरे गिरवायला लावून तिसरीचा गुणाकार घ्यायचा आणि तेवढ्यात चौथीच्या मुलांचे वाचन तपासायचे. दोघांपैकी एक शिक्षक केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला, की सारी शाळा एका खोलीत येते. एखाद्या इयत्तेत एकच मूल असते. त्याला बरोबरीने पाढे म्हणणारा सोबती नसतो आणि खेळाच्या तासाला कबड्डीचे दोन संघही उभे राहत नाहीत. एकत्रीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांचे हे म्हणणे खोटे नाही. लहान शाळांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते बऱ्याचदा बाजूला सारले आहे.

मग इतक्या लहान शाळा निघाल्या कशा? साधारण २००० पासून, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्त्यांवर ‘वस्तीशाळा’ सुरू करण्यात आल्या. तुटपुंज्या मानधनावर गावातलाच शिकलेला तरुण तेथे शिकवू लागला. पुढे या शाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने परिसरातील शाळा हा मुलाचा हक्क ठरविला. त्यानुसार राज्याने २०११ मध्ये केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली. याच नियमांत नवी शाळा उघडण्यासाठी किमान वीस मुले उपलब्ध असण्याची अट आहे. वीस हा आकडा तेव्हापासून सरकारी कागदांत फिरत राहिला.

शाळा मिटविण्याचा विचारही नवा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळांचे स्थलांतर करण्याचा निर्णय झाला, तेव्हाही राज्यभर वाद पेटला होता. राजस्थानात २०१४ मध्ये हजारो शाळा एकमेकींत विलीन करण्यात आल्या. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात दरेवाडीच्या मुलांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा होती. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या या वस्तीची शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावी पाठविण्यात येत होते.

२०२३ च्या प्रस्तावाला आधार होता तो पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा. पण दोन्ही ठिकाणची परिस्थिती निराळी आहे. पानशेत धरणाच्या परिसरातील विखुरलेल्या वाड्यांची मुले वाहनाने शाळेत आणली जातात, आणि त्या शाळेच्या उभारणीला एका उद्योगाचे अर्थसाह्य लाभले. तोरणमाळला सातपुड्याच्या पाड्यांवरील मुले निवासी शाळेत राहतात. एके ठिकाणी गाडी, दुसरीकडे वसतिगृह. निव्वळ इमारतीवर कोठेच भागलेले नाही.

जालना जिल्ह्यात आठ तालुके आणि साडेनऊशेहून अधिक गावे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची साक्षरता सुमारे साडेएकाहत्तर टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा जवळजवळ अकरा टक्क्यांनी कमी होती. स्त्रियांची त्याहूनही खाली होती. नकाशावर पाहता येथे एकत्रीकरण सोपे वाटते. डोंगरदऱ्या फारशा नाहीत आणि गावेही एकमेकांपासून फार दूर नाहीत. मात्र जमीन काळ्या मातीची आहे. शेतवस्तीवरून गावाकडे येणारी पाणंद जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर चिखलात जाते. पूर्णा, केळना, दुधना या नद्यांना मिळणारे ओढे तासाभरात भरतात. उन्हाळ्यात दोन किलोमीटर असलेली वाट श्रावणात सहा वर्षांच्या मुलासाठी बंदच होते.

तेव्हा वाहन हवे. पण आहे ते वाहन लहान मुलांचे नाही. एसटीतून मोफत प्रवासाची अहिल्याबाई होळकर योजना पाचवीपासूनच्या मुलींसाठी आहे. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या माध्यमिक शाळेच्या मुलींसाठी धावतात. पहिली ते चौथीचे मूल या दोन्हींच्या बाहेर राहते. त्याच्यासाठी समग्र शिक्षा योजनेतील वाहतूक भत्ता उरतो, तो वर्षाला जास्तीत जास्त सहा हजार रुपये. बारा मुलांच्या वस्तीला यातून वर्षाकाठी ७२ हजार रुपये मिळतील. शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला ७ हजार २०० आणि कामाच्या दिवसाला सुमारे तीनशे रुपये. एवढ्यात जीप, चालक, डिझेल आणि दोन फेऱ्या बसवायच्या आहेत. भत्ता वेळेवर आला तर! तो दोन महिने लांबला, की मुलगा दुचाकीवर मागे बसून जाईल आणि मुलगी घरी राहील, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण हंगामाची आहे. शाळेचा पट ३० सप्टेंबरच्या नोंदीवरून धरला जातो. ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात त्या दिवाळीच्या आगेमागे. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतील अनेक कुटुंबे मुलांसह कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरात अठरा मुले असलेली शाळा जानेवारीत निम्मी होऊ शकते. मुले मागे राहावीत म्हणून शासन हंगामी वसतिगृहे चालविते. त्यांत बहुधा गावातच, आजी-आजोबांच्या आधाराने राहणाऱ्या मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. या व्यवस्थेला गावात शाळा असणे आवश्यक आहे. शाळा चार किलोमीटरवर गेली, तर सत्तरीची आजी नातवाला रोज गाडीवर बसवून देणार कशी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला या चर्चेत नेहमी दिला जातो. धोरणाने लहान शाळांच्या अडचणी मोकळेपणाने मान्य केल्या आहेत. देशातील २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत २०१६-१७ मध्ये तीसपेक्षा कमी विद्यार्थी होते, अशी नोंद त्यात आहे. पण त्यावर सुचविलेला प्रमुख मार्ग ‘शाळा संकुला’चा आहे. एका माध्यमिक शाळेभोवती पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील शाळा व अंगणवाड्या जोडायच्या आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, कला-क्रीडा शिक्षक सर्वांनी वाटून घ्यायचे. कल्पना मूळची १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. यात चित्रकलेचा शिक्षक वस्तीवर येतो, किंवा मुले आठवड्यातून एक दिवस मोठ्या शाळेत जातात. महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख यांची रचना आधीपासूनच असल्याने हा सांगाडा नव्याने उभारावा लागणार नाही. समूह शाळेत मात्र मूल रोज हलते.

पालकांच्या अधिकाराचाही मुद्दा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आज वस्तीवरची आई सभेला दहा मिनिटांत पोहोचते. पाच गावांच्या एकत्रित शाळेच्या सभेसाठी तिला मजुरीचा दिवस बुडवावा लागेल. मोठ्या गावातील पालकच तेथे बहुसंख्य होतील, हेही उघड आहे.

म्हणून प्रस्ताव तपासताना नव्या इमारतीच्या आराखड्याआधी गाडीचा करारनामा मागायला हवा : ती कोणाची, किती वर्षांची, पावसाळ्यात कोणत्या वाटेने येणार आणि बंद पडली तर त्या दिवशी काय. आणि जुनी शाळा निदान दोन-तीन वर्षे कागदावरून पुसू नये, हेही प्रस्तावातच लिहून घ्यावे लागेल. कारण प्रयोग फसला आणि वस्तीला शाळा परत हवी झाली, तर नव्या शाळेसाठीची किमान वीस मुलांची अट तिच्या वाटेत उभी राहील.