ऑलिम्पियाडचा प्रश्न सुटला, पुढे काय?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न नेहमी येतो: स्पर्धा परीक्षांतले, ऑलिम्पियाडचे प्रश्न सोडवून संशोधनात काही उपयोग होतो का? यावर दोन टोकाची उत्तरं ऐकायला मिळतात. 'शाळेत ऑलिम्पियाड केलं नसेल तर गणितातलं संशोधन विसरा' हे एक. 'त्या नुसत्या युक्त्या असतात, संशोधनाशी त्यांचा काही संबंध नाही' हे दुसरं. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत, पण नुसत्या मताला अर्थ नाही. म्हणून आज एकच प्रश्न हातात घेऊ आणि तो कुठपर्यंत नेतो ते बघू. कागद-पेन जवळ ठेवा.

प्रश्न

कोणतेही ५ पूर्णांक घ्या. त्यांत असे ३ नक्की सापडतात, ज्यांच्या बेरजेला ३ ने निःशेष भाग जातो. हे सिद्ध करा.

उदाहरणार्थ १, ४, ८, १२, २० घेतले तर १ + ८ + १२ = २१. पण उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे. 'कोणतेही' हा शब्द महत्त्वाचा.

संख्या कितीही मोठी असो, आपल्याला फक्त ३ ने भागल्यावर उरणारी बाकी हवी. ती ०, १ किंवा २ असणार. आता दोनच शक्यता आहेत. तिन्ही बाक्या कुठे ना कुठे दिसत असतील तर प्रत्येकीची एक संख्या उचला: ० + १ + २ = ३, काम झालं. एखादी बाकी दिसतच नसेल, तर ५ संख्या दोनच खणांत बसवायच्या आहेत, म्हणजे एका खणात किमान ३ येणारच (हेच ते पिजनहोल तत्त्व). सारख्या बाकीच्या तीन संख्यांच्या बेरजेला ३ ने भाग जातोच. संपलं.

स्पर्धेत इथे पेन खाली ठेवायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. संशोधनाची सवय लावायची असेल तर इथूनच सुरुवात करायची.

पहिला प्रश्न स्वतःला: ५ च का?

४ संख्या पुरल्या असत्या का? ०, ०, १, १ घ्या. कोणत्याही तिघांची बेरीज १ किंवा २ येते. म्हणजे ४ पुरत नाहीत, ५ हा आकडा नेमका आहे. मग ३ च्या जागी दुसरी संख्या घेतली तर? २ साठी ३ संख्या पुरतात, कारण तिघांपैकी दोघे तरी सम किंवा दोघे तरी विषम असणारच. सर्वसाधारण संख्येला 'क' म्हणू. (क − १) वेळा ० आणि (क − १) वेळा १ घेतले तर त्यांतल्या कुठल्याही क संख्यांची बेरीज १ ते क − १ यांच्यामध्येच राहते. म्हणजे २क − २ संख्या कधीच पुरणार नाहीत. मग २क − १ नेहमी पुरतील का?

हो, पुरतात. हे पॉल एर्डोश, अब्राहम गिन्झबर्ग आणि अब्राहम झिव्ह यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं प्रमेय आहे. पण त्यांचं नाव वाचून थांबू नका, आपण स्वतः किती पुढे जातो ते बघू.

दुसरा प्रश्न: तुकडे करता येतात का?

क = ६ घ्या. ११ संख्यांतून अशा ६ हव्यात, ज्यांच्या बेरजेला ६ ने भाग जाईल. थेट बाक्यांवर गेलात तर दमछाक होईल. पण ६ = २ × ३, आणि २ व ३ साठीचं उत्तर आपल्याकडे आहे.

११ मधून सम बेरीज असलेली जोडी बाजूला काढा. ९ उरल्या, पुन्हा एक काढा. मग ७, ५, ३. किमान ३ उरल्या आहेत तोवर जोडी मिळतेच, म्हणून एकूण ५ जोड्या मिळतात. प्रत्येक जोडीच्या बेरजेची निम्मी घ्या, ५ नव्या संख्या तयार झाल्या. त्यांतल्या ३ अशा निवडा, ज्यांच्या बेरजेला ३ ने भाग जातो. त्या ३ जोड्या म्हणजे मूळच्या ६ संख्या, आणि त्यांच्या बेरजेला ६ ने भाग जातो!

या युक्तिवादात २ आणि ३ यांचं खास असं काही नाही. दोन संख्यांसाठी प्रमेय खरं असेल तर त्यांच्या गुणाकारासाठीही खरं ठरतं. म्हणजे फक्त मूळ संख्यांसाठी सिद्ध केलं की पुरे. प्रश्न सुटला नाही, पण नेमकं कुठे अडतोय ते कळलं. संशोधनात एवढ्यालाही प्रगती म्हणतात.

तिसरा प्रश्न: जुनी रीत कुठे मोडते?

क = ५ साठी ९ संख्या आहेत. बाक्यांचे प्रकार मोजले तर ७१५ होतात. क = ७ साठी १३ संख्या, आणि प्रकार २७,१३२. प्रकार पाडून तपासायची रीत इथे संपते. ती चूक नाही, पण तिला पुढची वाट नाही. आता साधनच बदलायला हवं.

युक्ती अशी, की प्रकार वेगवेगळे बघायचेच नाहीत, सगळ्या निवडी एकदम मोजायच्या. ९ मधून ५ निवडण्याचे १२६ मार्ग आहेत. समजा, एकाही निवडीच्या बेरजेला ५ ने भाग जात नाही. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की ५ ने भाग न जाणाऱ्या संख्येचा चौथा घात ५ ने भागला तर बाकी १ उरते. म्हणून १२६ बेरजांचे चौथे घात एकत्र मिळवले तर बाकी १२६ ची, म्हणजे १ उरायला हवी.

आता तेच चौथे घात विस्तारून बघा. प्रत्येक पदात एक, दोन, तीन किंवा चार वेगवेगळ्या संख्या येतात. एकच संख्या असलेलं पद किती निवडींत येईल? उरलेल्या ८ मधून ४ निवडायच्या, म्हणजे ७०. दोन संख्यांचं पद ३५ निवडींत, तीनचं १५, चारचं ५. चारही आकड्यांना ५ ने भाग जातो! म्हणजे एकूण बेरजेची बाकी ० यायला हवी. एकीकडे १, दुसरीकडे ०. विसंगती आली, आणि आपलं गृहीतक कोसळलं.

५ च्या जागी कोणतीही मूळ संख्या ठेवा, हाच हिशोब चालतो (घात एकाने कमी घ्यायचा, बस). स्वतः करून बघा. या सिद्धतेत सगळ्यात मोलाचं वाक्य कुठलं? 'बेरीज शून्य नाही' या विधानाचं 'तिचा घात १ आहे' या समीकरणात झालेलं भाषांतर. 'नाही' मोजता येत नाही, समीकरण मोजता येतं. हा विचार या एका प्रश्नापुरता राहत नाही.

चौथा प्रश्न: एक मिती वाढवली तर?

संख्यांऐवजी प्रतलावरचे पूर्णांक सहनिर्देशकांचे बिंदू घ्या (एकच बिंदू पुन्हा घेतला तरी चालेल). किती बिंदू घेतले तर त्यांत क बिंदू असे नक्की सापडतील, ज्यांची सरासरीही पूर्णांक बिंदूच असेल? क = २ साठी ५ बिंदू पुरतात. हा स्पर्धांमधला जुना, आवडता प्रश्न आहे. (०,०), (०,१), (१,०), (१,१) हे चार बिंदू प्रत्येकी (क − १) वेळा घेतले तर ४क − ४ पुरत नाहीत हे कळतं. मग ४क − ३ पुरतात का?

१९८३ मध्ये केम्निट्झ यांनी हा अंदाज मांडला. इथेही तुकड्यांची युक्ती चालते, प्रश्न मूळ संख्यांवरच येऊन थांबतो. पण तिथे तो वीसेक वर्षं अडून राहिला. २००० साली रोन्याई यांनी मूळ संख्या प साठी ४प − २ बिंदू पुरतात हे दाखवलं. फक्त एका बिंदूचा फरक उरला! तो भरून काढला क्रिस्टियन राइहर या जर्मन विद्यार्थ्याने, तेव्हा तो पदवीच्या वर्गात होता. त्याचा निबंध २००७ साली छापून आला. कार्लोस दी फिओरे या शाळकरी मुलानेही स्वतंत्रपणे तेच सिद्ध केलं होतं. राइहर स्वतः ऑलिम्पियाडचा सुवर्णपदक विजेता. पण त्याचं मुख्य हत्यार होतं १९३५ सालचं शेव्हाले–वॉर्निंग प्रमेय, जे स्पर्धेच्या अभ्यासक्रमात नाही. सवय स्पर्धेतून येऊ शकते, साधनं मात्र वाचूनच मिळवावी लागतात.

आणि आकृतिबंध फसतो

२क − १, ४क − ३... मग त्रिमितीत ८क − ७ असणार ना? क = २ साठी बरोबर आहे, ९ बिंदू पुरतात. क = ३ साठी सूत्र १७ सांगतं, खरं उत्तर मात्र १९ आहे. १८ का पुरत नाहीत ते तुम्हीच तपासा: क्ष आणि य यांना ०, १, २ या किमती देऊन (क्ष, य, क्ष² + य²) हे ९ बिंदू काढा आणि प्रत्येक दोनदा घ्या.

गाओ आणि थंगदुराई यांचा अंदाज असा, की त्रिमितीत सम क साठी ८क − ७ आणि विषम क साठी ९क − ८ बिंदू लागतात. सगळ्या क साठी तो अजून सिद्ध झालेला नाही. या विषयावर प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतही बरंच काम झालं आहे. म्हणजे पाच संख्यांच्या त्या कोड्यापासून चार पावलांवर आपण खुल्या प्रश्नाशी येऊन पोचलो.

स्पर्धा आणि संशोधन यांतला फरक मला इथे दिसतो. स्पर्धेत विधान खरं आहे आणि ते साडेचार तासांत सुटणारं आहे, याची हमी पेपर काढणाऱ्याने दिलेली असते. संशोधनात ती हमी काढून घेतली जाते. १७ सिद्ध करायला बसलात तर आयुष्यभर बसाल, कारण ते खोटंच आहे. म्हणून सिद्धतेइतकाच वेळ प्रत्युदाहरण शोधायलाही द्यायचा.

तेव्हा ऑलिम्पियाड केलं नसेल तरी काही बिघडलं नाही, आणि केलं असेल तरी तेवढ्यावर भागणार नाही. आठवड्याला दहा प्रश्न सोडवण्याऐवजी दोनच घ्या, आणि सुटल्यावर हे चार प्रश्न विचारा: आकडा नेमका आहे का? तुकडे पडतात का? रीत कुठे मोडते? मिती बदलली तर?

या आठवड्याचा गृहपाठ: मूळ कोड्यात बेरजेसोबत वजाबाकीलाही परवानगी द्या, म्हणजे निवडलेल्या प्रत्येक संख्येला + किंवा − चिन्ह तुमच्या मर्जीने लावा. आता क = ३ साठी किती संख्या पुरतात? उत्तर ५ पेक्षा कमी आहे. ते मिळालं की क = ५ कडे वळा.