माओंच्या मापाचा शेतकरी

1980 साली चीनमध्ये भव्य व्यक्तिचित्र म्हटले की ते कुणाचे, हे विचारावे लागत नव्हते. माओ त्से तुंग यांना जाऊन चार वर्षे झाली होती, पण एवढा मोठा चेहरा फक्त त्यांचाच असतो, ही सवय देशाच्या डोळ्यांना जडलेली होती. तशाच भव्य मापात, सुमारे 215 सेंटिमीटर उंच आणि 150 सेंटिमीटर रुंद कॅनव्हासवर, सिचुआन ललित कला संस्थेच्या एका विद्यार्थ्याने साध्या शेतकऱ्याचा चेहरा रंगवला. विद्यार्थ्याचे नाव लुओ झोंगली. चित्राचे नाव 'फूछिन', म्हणजे वडील. आम्ही त्याला 'बाप' म्हणू.

लुओ यांचा जन्म 1948 चा, चोंगछिंगचा. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांनी दाबा पर्वताच्या भागात सुमारे दहा वर्षे काढली. तिथल्या कष्टकऱ्यांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले. पण चित्राची ठिणगी पडली ती शहरात. 1975 मधल्या एका थंड दिवशी, चिनी नववर्षाच्या पूर्वसंध्येला, सार्वजनिक शौचालयाजवळ एक शेतकरी उभा असलेला त्यांना दिसला. शहरातला मैला तेव्हा सोनखत म्हणून शेतात जात असे. तो दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून हा माणूस राखण करत होता. घराघरांत सण, आणि हा सकाळपासून तिथेच.

त्या माणसाचेच चित्र काढायचे असे आधी मनात होते. कल्पना बदलत गेली आणि अखेर उरला तो फक्त चेहरा. चक क्लोज या अमेरिकन चित्रकाराच्या फोटोसारख्या हुबेहूब, अवाढव्य चेहऱ्यांविषयी लुओ यांनी वाचले होते. ती पद्धत त्यांनी उचलली. उन्हाने रापलेली कातडी, नांगरटीसारख्या सुरकुत्या, घामाचे थेंब, पडलेले दात, दुखापतीवर चिंधी बांधलेले बोट, हातात जुना वाडगा. काहीच लपवलेले नाही. दया यावी म्हणूनही काही घातलेले नाही.

मग पेन आले. हा शेतकरी जुन्या, गुलाम समाजातला नव्हे, नव्या चीनमधला वाटावा, अशी सूचना वरून आली, आणि लुओ यांनी त्याच्या कानामागे बॉलपेन काढले. पेनाचे मोल आम्हाला कुणी सांगायला नको. पण इथे ते त्या माणसाने उचललेले नाही, व्यवस्थेने आपली लाज झाकण्यासाठी खोचलेले आहे. चित्र पाहताना नजर तिथेच अडखळते.

राष्ट्रीय युवा कला प्रदर्शनात या चित्राला पहिले पारितोषिक मिळाले. वादही पेटला. काही समीक्षकांना हा शेतकऱ्याचा अपमान वाटला: क्रांतीचा वारसदार असा थकलेला, मुका कसा? आमच्या मते त्यांची अडचण वेगळी होती. तीस वर्षे ज्याच्या नावाने राज्य चालले, तो माणूस पहिल्यांदाच त्यांच्याकडे रोखून पाहत होता.

लुओ पुढे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या अकादमीत शिकले. 1998 पासून अनेक वर्षे ते आपल्याच संस्थेचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आज तरुण चित्रकारांना मिळते. 'बाप'ची नक्कल करत ते बसले नाहीत. नंतरच्या चित्रांत हुबेहूबपणा गेला, जाड, उसळते फटकारे आणि भडक रंग आले. माणसे मात्र दाबा पर्वतातलीच राहिली: ओढा ओलांडणारी, पावसात घराकडे धावणारी, रात्री दिवा लावणारी.