ताप उतरला, तरी धोका टळला काय?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या दाट वस्तीच्या उपनगरांत एकेका लहान खोलीत अनेक माणसे राहतात. मेनिंगोकॉकस या जंतूला असाच सहवास पोषक ठरतो. लोकलमधील क्षणिक संपर्कापेक्षा एका खोलीतील दीर्घ निकट सहवासातून, खोकल्याशिंकेच्या तुषारांवाटे, तो अधिक पसरतो. व्हिएन्नातील वाइक्सेलबाउम यांनी १८८७ साली तो शोधून काढला. दिल्लीत १९६६, १९८५ व २००५ साली त्याच्या साथी आल्या होत्या.

सुमारे १० टक्के प्रौढांच्या नाक-घशात हा जंतू निरुपद्रवीपणे वास करतो. क्वचित मात्र तो रक्तात शिरून मेंदूची आवरणे गाठतो आणि धडधाकट प्रौढही काही तासांत अत्यवस्थ होतो. तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठणे, उलट्या, ग्लानी, तसेच दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके ही त्याची प्रमुख लक्षणे होत. योग्य उपचार होऊनही शंभरांपैकी दहा किंवा अधिक रुग्ण दगावतात.

वाचलेल्यांपैकी काहींना मज्जासंस्थेचे उपद्रव जडतात. आंतरकर्णाला इजा होऊन बहिरेपणा येतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंवर आघात झाल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा चेहरा वाकडा होतो. रक्तवाहिन्यांत गुठळी होऊन पक्षाघात होतो. मेंदूतील द्रवाचा मार्ग अडल्यास कवटीतील दाब वाढतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होणे फारच विरळ. परंतु तसे झाल्यास पाय लुळे पडतात व लघवी अडते. यांतील काही लक्षणे ताप उतरू लागल्यावरही प्रकट होतात. ती अशक्तपणा समजून दुर्लक्षिली, तर उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

म्हणूनच संशयित रुग्णास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात न्यावे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी प्रतिजैविके जितकी लवकर मिळतील तितके बरे. घरी परतलेल्या रुग्णाची श्रवणचाचणी करून घ्यावी आणि दृष्टी, चाल व लघवी यांवर लक्ष ठेवावे. निकट सहवासातील व्यक्तींना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध द्यावे लागते. यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्यास त्वरित कळवावे. या रोगावर लस उपलब्ध असून हज यात्रेकरूंना ती अनिवार्य आहे.

शाळा व वसतिगृहे यांनी ही माहिती घरोघर पोहोचविल्यास अनेकांचे प्राण वाचतील. वाचलेल्यांचे पुढील अपंगत्वही टळू शकेल.