दहा गुंठ्यांची नांगरट आणि जुना ट्रॅक्टर

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरण्यापूर्वी मलकापूर लागते. शाहूवाडी तालुक्यातील या बाजारगावाच्या आसपास भात आणि नाचणी पिकते, पाण्याची सोय असेल तेथे ऊस. जमीन उताराची, वाटण्या होत होत एकरांचे गुंठे झालेले. अशा रानात पन्नास अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घालावा, की पत्रा गंजलेला पण इंजिन शाबूत असलेला चाळीस वर्षांपूर्वीचा, हा प्रश्न हौसेचा नाही. तो खर्चाचा आहे आणि काही वेळा जिवाचाही.

गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा. दहा गुंठ्यांचे चौरस शेत बाजूला साधारण 104 फूट भरते. दोन फाळांचा नांगर एका खेपेत दोन फूट रुंदीची माती उलटतो असे धरले, तर 52 खेपा कराव्या लागतात आणि ट्रॅक्टर 51 वेळा वळवावा लागतो. प्रत्यक्ष नांगरटीचे अंतर सुमारे 1,650 मीटर. ताशी चार किलोमीटर वेगाने 25 मिनिटांचे काम. एका वळणाला अर्धा मिनिट लागला तर तेवढाच वेळ नुसता वळण्यात जातो. तेच शेत 33 फूट रुंद आणि 330 फूट लांब असेल आणि नांगर लांबीने चालवला, तर वळणे 16 वर येतात. लहान रानात यंत्राच्या ताकदीपेक्षा ते बांधाजवळ किती आखूड वळते, याला महत्त्व येते ते यामुळे.

हलका ट्रॅक्टर नांगर ओढू शकतो याचे श्रेय बऱ्याच अंशी हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याला जाते. त्याने नांगर साखळीने मागे न बांधता तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला. फाळ कठीण मातीत रुतला की वरच्या दांडीवर दाब येतो, हायड्रॉलिक यंत्रणा नांगर किंचित उचलते आणि भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. 1946 साली आलेला त्याचा टीई-20 हा ट्रॅक्टर याच तत्त्वावर गाजला. पुढे मद्रासमध्ये 1960 साली स्थापन झालेल्या टाफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात आणले. जुना ट्रॅक्टर पारखताना म्हणूनच इंजिनाच्या आवाजावर भाळून चालत नाही. उचललेला नांगर आपोआप खाली बसू लागला, तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे असे समजावे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. ती निराधार ठरली. भाताच्या खाचरात मात्र अवजड अवजाराबद्दलचा संशय अगदीच खोटा नाही. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने मातीखाली एक घट्ट थर तयार होतो आणि तोच पाणी धरून ठेवतो. मोठ्या ट्रॅक्टरने खोल नांगरट केली की हा थर फुटतो, खाचरातले पाणी झिरपून जाते. येथे जुन्या यंत्राची मर्यादाच शेतकऱ्याच्या पथ्यावर पडते. उसाचे तसे नाही. त्याची मुळे खोल जातात आणि लागणीपूर्वी माती चांगली खालपर्यंत मोकळी करावी लागते. त्या कामासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणणे शहाणपणाचे.

वाफसा येण्याआधी नांगर घातला तर ओली माती दाबली जाते आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. वळीव पडल्यानंतरचे मोजके दिवस सर्वांनाच हवे असतात. भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी थांबताना वाफसा निघून जातो. घरचा जुना ट्रॅक्टर तेव्हा खरा कामाला येतो.

धोका आहे तो ब्रेकमध्ये. आखूड वळणासाठी डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे दिलेले असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पायट्या कडीने जोडायच्या असतात. जुन्या यंत्रात ही कडी पुष्कळदा हरवलेली असते. घाटरस्त्याच्या उतारावर एकच पायटी दाबली गेली, तर ट्रॅक्टर झटक्यात एका बाजूला वळून उलटतो. चालकाला वाचवणारी लोखंडी चौकटही जुन्या यंत्रांवर सहसा नसते. रुतलेले यंत्र काढताना साखळी मागच्या आसाला किंवा त्याहून वर बांधली, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पालथा होऊ शकतो. साखळी नेहमी आसाच्या खालच्या ओढदांडीलाच लावायची असते.